प्रारण आणि पेशी

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या आत्याच्या घरी मोबाइलला ‘रेंज’ मिळते ती एकाच ठिकाणी, मागील दाराच्या विहिरीपाशी, रहाटाच्या डाव्या खांबाला टेकून उभे राहिले असता. आणि म्हणून मुंबईच्या लेकीशी तिचे जे काही बोलणे व्हायचे ते तेथेच, एका हाताने पदर सावरीत आणि दुसऱ्या हाताने फोन कानाशी घट्ट दाबून होत असे. गेल्या वैशाखात मी तिच्याकडे गेलो असताना अर्ध्या तासाचे असे एक संभाषण आटोपून ती पडवीत आली आणि फोन माझ्या तळहातावर ठेवीत म्हणाली, “बघ रे, याला ताप आलाय. कानातून डोक्यात काही जात तर नसेल ना?” फोन खरोखरच कढत लागत होता आणि तिच्या कानाची पाळी लालबुंद झाली होती. प्रश्न दोन वाक्यांचा होता. परंतु त्याचे प्रामाणिक उत्तर द्यावयाचे म्हटले तर पदार्थविज्ञानाच्या आणि जीवविज्ञानाच्या दफ्तरांतील पुष्कळ कागद चाळावे लागतात, आणि तसे ते चाळण्याची तसदी न घेता एकाने “काही होत नाही” असे दडपून सांगावे आणि दुसऱ्याने “कर्करोग होतो” अशी हाकाटी करावी, हाच आज या विषयातील शिरस्ता होऊन बसला आहे.

घोटाळ्याची पहिली गाठ मला आपल्या भाषेतच पडलेली दिसते. वर्तमानपत्रे सर्रास ‘मोबाइलचा किरणोत्सर्ग’ असे लिहितात. वास्तविक किरणोत्सर्ग हा शब्द मराठीत रुळला तो रेडियम, युरेनियम यांसारख्या, ज्यांच्या अणूंचे गर्भ आपोआप फुटत असतात अशा द्रव्यांच्या संदर्भात; आणि तरंगरूपाने किंवा कणरूपाने बाहेर पडणाऱ्या कोणत्याही ऊर्जेला, मग ती चुलीतल्या निखाऱ्याची ऊब असो, दिव्याचा प्रकाश असो वा क्ष-किरण असोत, प्रारण असा निराळा, व्यापक आणि निरुपद्रवी शब्द मराठी विश्वकोशाने योजून ठेवलेला आहे. परंतु प्रारण हा शब्द वाईच्या या विश्वकोशाच्या ग्रंथांतच राहिला, आणि किरणोत्सर्ग मात्र हिरोशिमा आणि चेर्नोबिल यांची सावली पाठीशी घेऊन घरोघर पोहोचला. ज्या शब्दाने अणुबाँबची आठवण व्हावी तोच शब्द विहिरीपाशी लेकीशी बोलणाऱ्या आत्याच्या फोनला लावला, म्हणजे भीतीसाठी पुराव्याची गरजच उरत नाही. म्हणून या लेखापुरता तरी मी प्रारण हाच शब्द वापरणार आहे.

मोबाइलच्या जातीच्या प्रारणाची आणि मानवी देहाची एक अगदी आरंभीची जाहीर भेट आपल्याच देशात झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात सूक्ष्मतरंगांचे जे प्रयोग करून दाखविले त्यांत हे अदृश्य तरंग भिंती भेदून पंचाहत्तर फुटांवरच्या खोलीत गेले, तेथे त्यांनी घंटा वाजविली आणि पिस्तूल उडविले. आणि वाटेत केवळ भिंतीच नव्हे, तर अध्यक्षस्थानी बसलेल्या बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचा देहही त्यांनी ओलांडला, असे बोस यांचे चरित्रकार पॅट्रिक गेडिस यांनी नमूद केले आहे. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, ३१ जुलै १९९५ रोजी, भारतातील पहिले मोबाइल संभाषण झाले तेही त्याच शहरातून. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी ते केले. बोस यांच्या तरंगांची लांबी काही मिलिमीटरांची होती. आपल्या नेहमीच्या मोबाइलच्या तरंगांची वीत-दीड वीत असते. जात मात्र एकच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रारणाची ऊर्जा ही एकसंध धार नसून ती पुड्यापुड्यांनी दिली-घेतली जाते, आणि प्रत्येक पुडीतील ऊर्जा ही तरंगाच्या कंपनसंख्येवर अवलंबून असते, पुड्या किती आहेत यावर नव्हे, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ साली सांगितले. या पुडीला प्रकाशकण म्हणतात. पेशीतील डीएनएच्या साखळीत कार्बनचे दोन अणू ज्या बंधाने जोडलेले असतात तो तोडावयास सुमारे साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते, आणि ती एकाच पुडीतून, एकाच वेळी यावी लागते. उन्हातील जंबुपार किरणांच्या एका पुडीत तेवढी ऊर्जा असते, म्हणूनच उन्हाने कातडी भाजते आणि तिचा कर्करोगही होऊ शकतो. क्ष-किरणांच्या पुडीत तर तिच्या हजारो पटींनी असते. उलट, १८०० मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या मोबाइलच्या एका पुडीत एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा जवळजवळ सव्वालाखावा हिस्सा असतो. म्हणजे बंध तोडावयास जेवढी हवी तिच्या पाच लाखांशाच्या आसपास. तिळाच्या दाण्यांची पोतीच्या पोती नारळावर फेकली तरी नारळ देठापासून सुटत नाही. त्याला एक दगडच नेमका बसावा लागतो.

येथे कोणी म्हणेल की पेशी ही नारळासारखी स्वस्थ लटकलेली नसते, आणि हे म्हणणे रास्त आहे. पण ते मोबाइलच्या विरुद्ध जात नाही, त्याच्या बाजूने जाते. आपल्या देहाचे जे ३७ अंशांचे तापमान आहे त्याचा अर्थच असा की पेशीतील प्रत्येक रेणू अहोरात्र शेजाऱ्यांचे धक्के खात असतो, आणि या नित्याच्या धक्क्याची सरासरी ऊर्जा मोबाइलच्या एका पुडीच्या साडेतीन हजार पटींहून अधिक भरते. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या दाटीत चालणाऱ्या माणसाच्या खांद्यावर कापसाचे बोंड येऊन पडावे, तसे हे आहे. विद्युत्‌क्षेत्राचा हिशेबही असाच आहे. पेशीभोवतीचे पटल एका मिलिमीटरच्या दोन लाखांशाइतके पातळ असते आणि त्याच्या दोन बाजूंमध्ये एका व्होल्टच्या सात शतांशांचा दाब असतो. या दोहोंचा भागाकार केला तर दर मीटरला एक कोटीहून अधिक व्होल्ट एवढे प्रचंड क्षेत्र पेशी जन्मतःच अंगावर वागवीत असते, असे दिसून येते. कानाशी धरलेल्या फोनमुळे मेंदूच्या ऊतीत उत्पन्न होणारे क्षेत्र कायद्याच्या कमाल मर्यादेलाही दर मीटरला चाळीस व्होल्टांच्या आसपासच असते, आणि तेही सेकंदाला १८० कोटी वेळा दिशा पालटीत असल्यामुळे पेशीतील जड आयनांना त्याच्यामागे धावण्याची उसंतच मिळत नाही.

मग या तरंगांचे देहात काहीच होत नाही काय? होते; उष्णता होते. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते, त्यामुळे पालटत्या क्षेत्राबरोबर तो वळू पाहतो, शेजाऱ्यांशी घासतो, आणि तरंगाची ऊर्जा ऊब होऊन ऊतीत मुरते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीत भात गरम होतो तो याच न्यायाने, मात्र तेथे शेकडो वॅट लोखंडी पेटीत कोंडलेले असतात. शरीराच्या एका किलोग्रॅममागे किती वॅट मुरतात त्या मापाला शोषणदर म्हणावे. फोनच्या खोक्यावर ‘एसएआर’ म्हणून छापलेला आकडा तो हाच, आणि *#०७# ही कळ दाबली की बहुतेक फोन तो पडद्यावरही दाखवितात. भारतात याची मर्यादा कोणत्याही एका ग्रॅम ऊतीवर सरासरीने १.६ वॅट प्रति किलोग्रॅम अशी आहे. युरोपात ती दहा ग्रॅमांवर २ वॅट, म्हणजे काहीशी सैल. १.६ वॅट म्हणजे किती? तो भाग रक्तहीन असता, तर त्याचे तापमान एका अंशाने चढावयास पस्तीस-छत्तीस मिनिटे लागली असती. पण मेंदू हे तर रक्ताने भरपूर भिजलेले इंद्रिय, त्यामुळे ती ऊब वाहत्या रक्ताबरोबर निघून जाते आणि उरते ती वाढ एका अंशाच्या दशांशाच्या घरातली. नदीवर स्नान करून उन्हात घरी परतताना होणारी वाढ याहून मोठी असते. डोळ्याचे भिंग आणि पुरुषाचे वृषण यांची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण भिंगात रक्तवाहिन्याच नसतात आणि वृषणांस थंडावा निसर्गतःच आवश्यक असतो. पॅन्टच्या खिशात दिवसभर फोन बाळगणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे.

आत्याचा कान तापला होता त्याचे मुख्य कारण मात्र हे प्रारण नव्हतेच. अर्धा तास घट्ट दाबून धरलेल्या फोनने कानाची हवा कोंडली होती, आणि फोनच्या आतील बॅटरी व मंडले यांची उष्णता पाळीला चटका देत होती. आणि ती उष्णता इतकी का झाली, याचे उत्तर रहाटाच्या त्या खांबापाशी आहे. मनोरा जवळ आणि संदेश ठळक असला म्हणजे फोन अगदी कुजबुजत्या आवाजात, एक हजारांश वॅटहूनही कमी शक्तीने बोलतो. मनोरा दूर असला, मध्ये डोंगर आला, की त्यास आपली सारी शक्ती, आजच्या ‘फोर-जी’ फोनात सुमारे ०.२ वॅट, पणास लावून ओरडावे लागते. म्हणून गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांत मनोऱ्याविरुद्ध हरकतीचे ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतात तेव्हा मला वाईट वाटते. मनोऱ्यापासून येणाऱ्या प्रारणावर भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढी कडक मर्यादा घातलेली आहे, आणि मनोरा परिसरातून हटविला तर रहिवाशांच्या डोक्याशी चिकटलेला फोन अधिक मोठ्याने ओरडणार, ही गोष्ट इतिवृत्तात कोठेच नोंदली जात नाही. मनोरे नेमून दिलेल्या मर्यादेत आहेत की नाहीत याची तपासणी मात्र नागरिकांनी अवश्य मागावी. तो त्यांचा हक्क आहे.

येथवरचा हिशेब हा कागदावरचा. परंतु पेशी ही अतिशय गुंतागुंतीची वस्तू असल्याने कागदाने सुटत नाही असे काही तिच्यात उरले असेल, या शंकेने प्रयोगशाळांनी गेली तीस वर्षे तिची उलटतपासणी चालविली आहे. त्यांतील सर्वांत गाजलेली फिर्याद १९९५ सालची. अमेरिकेत सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री लाय आणि नरेंद्र सिंग या दोघांनी उंदरांना दोन तास २४५० मेगाहर्ट्‌झच्या प्रारणात ठेवले आणि नंतर त्यांच्या मेंदूतील पेशींची धूमकेतू-परीक्षा केली.

ही परीक्षा मोठी देखणी आहे. पेशींना पातळ खळीसारख्या एका द्रव्यात मिसळून काचपट्टीवर थिजवितात, मग मीठ आणि साबण यांसारख्या द्रावणाने त्यांची पटले विरघळवून टाकतात, म्हणजे मागे उरतात ते डीएनएचे नुसते गुंडाळे, लोकरीच्या गुंड्यांसारखे; आणि मग त्या पट्टीतून विजेचा प्रवाह सोडतात. डीएनए ऋणभारित असल्यामुळे तो धन टोकाकडे ओढला जातो. गुंडा अखंड असेल तर तो जागचा हलत नाही; पण त्याचे धागे तुटलेले असतील तर तुटके तुकडे पुढे सरकतात, आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता मागे तेजस्वी डोके व पुढे लांबलेली फिकी शेपटी असा धूमकेतूच काळ्या पार्श्वभूमीवर उमटलेला दिसतो. जितकी तूट अधिक तितकी शेपटी लांब. या परीक्षेला आजचे सूक्ष्मग्राही रूप देणाऱ्यांत, १९८८ साली, हेच नरेंद्र सिंग होते. लाय आणि सिंग यांना प्रारण भोगलेल्या उंदरांच्या पेशींत शेपट्या लांबलेल्या आढळल्या, आणि जगभर खळबळ उडाली.

तिकडे सेंट लुइस येथील दुसऱ्या वॉशिंग्टन विद्यापीठातील मंडळींनी तोच प्रयोग पुन्हा मांडला, तेव्हा त्यांना शेपट्यांची लांबी वाढलेली दिसली नाही. नुसते एवढेच असते तर दोन साक्षीदारांच्या जबान्यांत तफावत आली असे म्हणून प्रकरण लोंबकळत राहिले असते. पण त्यांनी खोलात जाऊन असे दाखवून दिले की उंदराला कर्बवायूने गुदमरवून मारले तर त्या गुदमरण्यानेच मेंदूतील डीएनए तुटू लागतो, एका क्षणात मान तोडून मारले तर तसे होत नाही. एवढ्याशा फरकाने निकाल हेलकावे खातो ही गोष्ट या सगळ्या क्षेत्राविषयी पुष्कळ सांगून जाते. मानवी पेशींची कथा याहून निराळी नाही. व्हिएन्ना येथे मानवी त्वचेतील तंतुजनक पेशींवर १८०० मेगाहर्ट्‌झचे प्रारण पाच मिनिटे चालू, दहा मिनिटे बंद असे देऊन डीएनए तुटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. जर्मनीत उल्म येथे त्याच जातीच्या पेशी, तसलेच उपकरण घेऊन केलेल्या प्रयोगात ते आढळले नाही, आणि व्हिएन्नाच्या आकड्यांविषयीच पुढे कडवट वाद माजला. विज्ञानात एकाच्या डोळ्यांनी दिसलेले सत्य तोवर कच्चेच समजावयाचे, जोवर त्याच्याशी ज्याचे काही देणेघेणे नाही अशा दुसऱ्याला ते आपल्या टेबलावर दिसत नाही; आणि या दंडकावर डीएनए थेट तुटण्याची फिर्याद आजवर टिकलेली नाही, असे माझे मत आहे.

तुटण्यावाचून इतर काही बदल घडत असतील, ही शक्यता मात्र मी इतक्या सहजासहजी नामंजूर करणार नाही. फिनलंडमध्ये दारिउश लेश्चिन्स्की यांना २००२ साली रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील मानवी पेशींत, तासाभराच्या प्रारणानंतर, ताण आला असता पेशी जी संरक्षक प्रथिने कामास लावते त्यांतील एकाची हालचाल वाढलेली दिसली. अमेरिकेत नोरा व्होल्कोव्ह यांनी २०११ साली ४७ निरोगी माणसांच्या कानांशी फोन बांधून, आवाज बंद ठेवून, पन्नास मिनिटांनी मेंदूचे चित्रण केले, तेव्हा अँटेनाच्या लगतच्या भागात साखरेचा वापर सुमारे सात टक्क्यांनी चढलेला आढळला. तो हानिकारक आहे असे त्यांनी म्हटले नाही, का चढला हेही सांगता आले नाही, आणि त्याच वर्षी फिनलंडच्या एका गटास तो उलट उतरलेला दिसला. शुक्रजंतूंवरील अभ्यास संख्येने बरेच आहेत. स्वित्झर्लंडमध्ये २००५ ते २०१८ या काळात २,८८६ तरुणांच्या तपासणीत, फोन फार वापरणाऱ्यांच्या वीर्यातील शुक्रजंतूंचे प्रमाण कमी भरले. परंतु फोनची शक्ती जसजशी पिढीगणिक घटत गेली तसतसा हा संबंधही क्षीण होत गेला, आणि फोन खिशात ठेवतात की नाही याच्याशी त्याचा मेळ बसला नाही.

उंदरांविषयी आणखी एक गोष्ट टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने सुमारे तीन कोटी डॉलर खर्चून, उंदरांना जन्माआधीपासून दोन वर्षे, दररोज एकूण नऊ तास, सर्वांगावर प्रारण दिले, आणि २०१८ च्या अखेरच्या अहवालात नर उंदरांच्या हृदयात मज्जावेष्टनाच्या गाठी झाल्याचा ‘स्पष्ट पुरावा’ असल्याचे लिहिले. प्रारण न दिलेल्या नव्वद नरांत अशी गाठ एकालाही नव्हती. सर्वाधिक मात्रा घेतलेल्या गटांत ती नव्वदांपैकी पाच-सहा जणांत आढळली. तीच मात्रा घेतलेल्या माद्यांत असा स्पष्ट पुरावा मिळाला नाही, आणि प्रारणातील नर हे प्रारण न मिळालेल्या नरांपेक्षा अधिक दिवस जगले, हे त्याच अहवालाचे दुसरे अंग. ती मात्रा सर्व देहावर किलोमागे सहा वॅटपर्यंत होती. माणसाच्या सर्व देहावर सामान्य जनतेसाठी मर्यादा आहे ०.०८ वॅटची. असे असले तरी हा पुरावा दफ्तरात राहिला पाहिजे, आणि तो तसा राहिला आहे.

अखेरीस प्रश्न माणसांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या लियाँ येथील कर्करोग संशोधन संस्थेने ३१ मे २०११ रोजी या प्रारणाला ‘कदाचित कर्करोगकारक’ या २-ब वर्गात घातले, आणि त्या एका ‘कदाचित’चा अर्थ जगभरच्या मथळ्यांत ‘निश्चित’ असा छापला गेला. हा वर्ग धोका किती मोठा आहे हे सांगत नाही, पुरावा किती भक्कम आहे तेवढेच सांगतो, आणि याच वर्गात पूर्व आशियातल्या पारंपरिक पद्धतीने खारवलेल्या भाज्याही आहेत. त्या निर्णयामागचा एक मोठा आधार होता तेरा देशांचा ‘इंटरफोन’ अभ्यास. त्यात सर्वसाधारण वापर करणाऱ्यांत मेंदूच्या गाठी वाढलेल्या नव्हत्या, पण १,६४० तासांहून अधिक बोललेल्यांत त्या सुमारे चाळीस टक्क्यांनी जास्त भरल्या. अडचण अशी की ते तास रुग्णांच्या आठवणींवरून मोजले होते, आणि ज्याच्या डोक्यात गाठ निघाली आहे तो माणूस आपल्या भूतकाळात कारणे शोधताना फोनचे तास हातचे राखून सांगत नाही. याला खोटेपणा म्हणणे क्रूरपणाचे होईल, ती दुःखाची स्वाभाविक रीत आहे.

म्हणून पुढच्या अभ्यासांनी आठवणीवर विसंबण्याऐवजी माणसे आधी नोंदवून मग वर्षानुवर्षे त्यांच्यावर नजर ठेवण्याचा मार्ग धरला. युरोपातील पाच देशांतील २,६४,५७४ माणसांचा ‘कॉसमॉस’ अभ्यास २००७ पासून चालू आहे. त्याचे २०२४ मध्ये आलेले निष्कर्ष सांगतात की अधिक बोलणाऱ्यांत मेंदूच्या गाठी अधिक झालेल्या नाहीत. मुलांची कवटी पातळ असते आणि तेच फोन धरले असता त्यांच्या मेंदूत सरासरीने दुप्पट ऊर्जा मुरते, म्हणून दहा ते चोवीस वर्षांच्या रुग्णांसाठी चौदा देशांनी, त्यांत भारतानेही, ‘मोबी-किड्‌स’ हा स्वतंत्र अभ्यास केला. त्यातही वाढ दिसली नाही. मेंदूच्या काही गाठी मात्र दोन-तीन दशके घेऊन पिकतात, आणि स्मार्टफोन हातात घेऊन वाढलेली पिढी अजून चाळिशीला पोहोचावयाची आहे. यामुळे ‘कॉसमॉस’ची नोंदवही बंद झालेली नाही, ती पुढेही चालू राहणार आहे.

आत्याला मी हे सगळे सांगितले नाही. अंतर दोन बोटांचे दोन हात झाले की अंगात मुरणारी ऊर्जा झपाट्याने घटते, एवढेच तिला सांगून फोनचा स्पीकर लावावयास शिकविले. आता ती संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर फोन उभा करून ठेवते, अबोलीच्या वाफ्यापाशी पाटावर बसून फुले वेचते, आणि मुंबईचा आवाज साऱ्या परड्याला ऐकू जातो.